तिसरा खण

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. आई गेली त्या दिवशीही हिने जेलचा प्रयोग अर्धवट सोडला नाही म्हटल्यावर नाव पक्कंच झालं. असतात बाबा अशी माणसं, आभाळ कोसळलं तरी आधी हातमोजे बदलतील!

चार वर्षं तिचं एकच काम. पेशीत निरोप पोचवणारं एक प्रथिन होतं, त्याचं जनुक गप्प करायचं. मग पेशींचा अर्क जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीच्या, खणांत भरून वीज सोडायची आणि शेवटी कागदावर प्रथिनाची काळी पट्टी उमटते का ते बघायचं. पहिल्या दोन खणांत साध्या पेशी, तिथे पट्टी हवी. तिसऱ्यात गप्प केलेल्या, तिथे नको. आणि तिसऱ्यात पट्टी नव्हतीच. सर हरखले. "झालीस तू डॉक्टर," म्हणाले. तिला आनंद झाला नाही. आई गेली तेव्हा दुःखही झालं नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं सगळं बधिर.

राहिली होती एकच तपासणी. प्रत्येक पेशीत असतंच असतं असं एक प्रथिन त्याच कागदावर शोधायचं, म्हणजे तिन्ही खणांत माल सारखा पडला होता हे कळतं. आज तिने ते केलं. दोन पट्ट्या आल्या. तिसरी जागा कोरी.

ती फ्रीजरपाशी गेली. तिसऱ्या खणात भरायच्या अर्काची नळी तिथेच होती, वर तिचंच अक्षर, आत थेंबही कमी नाही.

त्या दिवशी दोन खण भरून झाले आणि दादाचा फोन आला. "आई गेली." ती "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि वीज सुरू केली. जेलमध्ये अर्कात मिसळलेल्या निळ्या रंगाच्या दोनच रेघा धावल्या असणार. तिने त्या बघितल्याही असणार.

सर दारात आले. "पट्ट्यांचा फोटो पाठवतेस ना? आजच लेख जातोय."

"नाही सर. तिसऱ्या खणात मी काही भरलंच नव्हतं."

"तू? कसं शक्य आहे?"

"आई गेली, त्याच दिवशीचं जेल आहे ते."

सर स्टुलावर बसले. "मला वाटलं, तू सावरलीस."

"मलाही तसंच वाटलं."

तिने हातमोजे काढले आणि दादाला फोन लावला.

"दादा, आई गेली ना रे?"

"हो गं," दादा म्हणाला. "तीन आठवडे झाले."

नळी अजून तिच्या मुठीत होती. मग कुठे तिला रडू आलं.