अण्णांनी झाकण लावलं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची मेकअपपेटी आहे. बेळगावच्या खडेबाजारात माझा जन्म झाला. झाकणाला आतून आरसा, म्हणून मी जरा भाव खायची. निपाणीच्या बाबगोंडा अण्णांनी मला घेतलं आणि मराठी-कानडी दोन्ही सिनेमांच्या शूटिंगला मिरवलं. अण्णा पडद्यावर खाष्ट फौजदार. माझ्यासमोर बसले की आरशात स्वतःलाच वेडावून दाखवायचे.

अण्णा जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण घेत नसत. उन्हं कलली की सेटवर त्यांच्या ताटाची धांदल उडायची.

संकेश्वरजवळ उसाच्या फडात शूटिंग होतं. अण्णांना पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती. गर्दीच्या प्रसंगासाठी आणलेल्या बायका सकाळपासून उपाशी होत्या. त्यांतल्या रुक्माबाईंना भोवळ आली. अण्णांनी ते आरशात पाहिलं आणि खटकन माझं झाकण लावलं. मेकअप नाही म्हणजे शूटिंग नाही. मॅनेजरला वाटलं, अण्णांची जेवायची वेळ झाली. तो पळत जाऊन गरम ताट घेऊन आला.

अण्णांनी ते रुक्माबाईंपुढे ठेवलं.

“अण्णा, दिस बुडाय लागलाय. तुमी खावा की,” त्या म्हणाल्या.

“तू खा गं आक्का. सगळ्यास्नी मिळंपतोर ही पेटी काय उघडत न्हाय.”

सगळ्यांचं जेवण आलं तेव्हा सूर्य बुडाला होता. अण्णा उपाशी राहिले आणि सकाळी त्यांची भूमिकाही दुसऱ्याला गेली. मला फार वाईट वाटलं. पण ही गोष्ट कलाकारांत पसरली आणि पुढे त्यांनी अण्णांना आपल्या संघटनेचं अध्यक्ष केलं. मग काय, अण्णांचा हात माझ्या झाकणाकडे गेला तरी निर्माते जेवणाची चौकशी करू लागले. माझाही रुबाब वाढला.

अण्णा थकले, तशी मी माळ्यावर गेले. माझ्यात खिळे आणि सुतळी भरली. आरशावर धूळ बसली, बिजागरी गंजली. अण्णांचा चेहरा दिसत नाही, याचंच मला रडू यायचं.

परवा त्यांच्या नातीला, ब्राह्मीला, सिनेमात काम मिळालं. तिने मला खाली उतरवून पुसलं. अण्णा बिजागरीत तेल सोडू लागले.

“आज्जा, उघडतीया की चांगली,” ब्राह्मी हसत म्हणाली.

“उघडाय न्हवं गं. लावाय यायला पायजे.”

ब्राह्मी हसायची थांबली. तिने अण्णांच्या हातातून तेलाची बुदली घेतली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल-पाणी करत जा. उद्या ब्राह्मीचं पहिलं शूटिंग आहे, आणि माझं झाकण आता एका बोटाने लागतं.