लक्षात न ठेवलेलं उत्तर

फोन खांद्यानं कानाशी दाबून धरत माणिकरावांनी माऊसवर हात ठेवला. पडद्यावर पाटी येऊन थांबली होती: बाहेरून कुणीतरी या कॉम्प्युटरमध्ये येऊ पाहत आहे, येऊ द्यायचं का?

“आली का पाटी, बाबा?” सतीश पुण्याहून विचारत होता.

“आली.”

“मंग ‘हो’ दाबा. आन् खालच्या चौकटीत खूण करा. हे उत्तर लक्षात ठेव, असं लिवलंय बघा तिथं. म्हंजे दर खेपेला इचारणार न्हाई.”

“बरं.”

माणिकरावांनी ‘हो’ दाबलं. चौकट कोरीच ठेवली.

पाटी इंग्रजीत असायची, पण बीडच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळत होतं. ती पाटी दाखवणारी फायरवॉल, म्हणजे परक्याला दारात अडवणारी राखण, सतीशनंच बसवली होती. जवळच्या पाली गावात कुणाला तरी कुणीतरी फोनवरून फसवलं, हे कानावर आल्यावर तो सुट्टी काढून आला आणि बापाच्या कॉम्प्युटरला ही राखण बसवून गेला. खरं तर गावात दिवसा दार लावायची पद्धत नाही. शेजारी, कोंबड्या, वाट चुकलेलं शेळीचं करडू, सगळे न विचारता आत येतात. त्या घरात आत यायच्या आधी विचारणारं असं हे एकच दार होतं, आणि त्यातून येणारा घरचाच पोरगा होता.

पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. दर रविवारी सतीश असा आत यायचा, नवं काही घुसलंय का ते बघायचा, केरवारा केल्यासारखं सगळं साफ करायचा. सिंधुबाई होत्या तेव्हा त्या हातातलं काम टाकून स्टूल ओढून बसायच्या.

“आला बघा माझा सतीश,” बाणाकडं बोट दाखवून म्हणायच्या. मग फोन हिसकून घ्यायच्या. “जेवलास का रं? काय जेवलास?” तिथून जी गाडी सुटायची, ती बाण काम आटोपून गेला तरी थांबायची नाही. माणिकराव शेजारी गालातल्या गालात हसत बसायचे. बोलायचं खातं बायकोकडं होतं. त्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही.

सिंधुबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं आली, जेवली, चार शब्द बोलून गेली. सतीश पुण्याला परतला. माणिकराव रडले नाहीत. त्यांना काही वाटतच नव्हतं. भाकरी खाल्ली की पोट भरायचं, अंथरुणावर पडलं की झोप लागायची. लोक म्हणायचे, गडी लई धीराचा. धीर कसला, आत सगळं बधिर झालं होतं.

“झालं बाबा. समदं ठीक हाय.” बाण थांबला. “खूण केली न्हवं?”

“केली.”

“ठेवू मंग?”

“ठेव.”

पुढच्या रविवारी पाटी पुन्हा आली, म्हणून फोनही पुन्हा आला. असे बरेच रविवार गेले. ‘आली’, ‘दाबलं’, ‘ठेव’. बापलेकात एवढंच उरलं होतं, पण तेवढं होतं. ती खूण केली की तेही संपणार, हे माणिकराव पक्कं जाणून होते. सतीशला वाटायचं, बाबांना जमत नाही. त्यांनीही तसंच वाटू दिलं.

ती खूण बाहेरून करता येत नव्हती, समोर बसूनच करावी लागे, म्हणून शेवटी सतीशनं बीडहून शहादेवला पाठवलं. शहादेवचं तिथल्या बशीरगंजात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं बूट दाराशी काढले, पाणी पिऊन खुर्चीत बसला आणि सतीशनं तिकडून पाठवलेल्या पाटीवर बोट ठेवलं.

“काका, ही चौकट बघा.”

“ठावं हाय मला. तिथं खूण करायची.”

“मंग करत कावून न्हाई?”

माणिकरावांनी रिकामा तांब्या उचलला आणि पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तोवर खूण झाली होती.

“आता कायमची परवानगी,” शहादेव म्हणाला. “तुमाला उठायची बी गरज न्हाई.”

त्या रविवारी माणिकरावांनी नेहमीसारखा कॉम्प्युटर लावला, फोन शेजारी ठेवला. फोन वाजला नाही. बाण हलायला लागला. सरसर इकडून तिकडं जाऊन त्यानं सगळं आवरलं. आता जाणार, असं दिसल्यावर माणिकरावांनी न राहवून माऊसवर हात ठेवला. बाण गचकन अडखळला. दोघांचे हात एकाच बाणावर होते. माणिकरावांनी चटकन हात मागं घेतला आणि सदऱ्याला पुसला. बाण थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग सतीश निघून गेला.

माणिकरावांनी कीबोर्डवर सिंधुबाईंनी शिवलेलं कापड पांघरलं. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

मधल्या वारी ते औषधाला बीडला गेले, तर शहादेवनं दुकानातूनच हाक मारली.

“काका, सतीशदादाचा फोन आलता. म्हणले, बाबाला आता तरी जमलं का? मी म्हणलो, त्यास्नी कवाचं येतंय. मुद्दाम करत नव्हते.”

माणिकराव पायरीवरच थांबले. “काय म्हणला मंग?”

“काय न्हाई. मंग ठेवला.”

रविवारी कॉम्प्युटर लावावा की नाही, यात सकाळ गेली. पोरगा रागावला असेल. बाप आपल्याला बनवत होता, असं वाटलं असेल त्याला. शेवटी माणिकरावांनी कापड बाजूला सारलं आणि बटण दाबलं.

बाण आला. आज त्यानं साफसफाई केली नाही. सरळ फायरवॉल उघडली. ज्यांना आत यायला कायमची मोकळीक आहे, त्यांची नावं तिथं होती. सतीशच्या नावावर बाण जाऊन थांबला. मग त्यानं ते नाव काढून टाकलं आणि तिथंच मेला, पुन्हा हलला नाही.

माणिकराव पडद्याकडं बघत राहिले. आता तोही दार लावून गेला, असं त्यांना वाटलं, आणि किती तरी दिवसांनी छातीत काहीतरी दुखलं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली: बाहेरून कुणीतरी या कॉम्प्युटरमध्ये येऊ पाहत आहे, येऊ द्यायचं का?

आणि फोन वाजला.

“आली का पाटी, बाबा?” सतीशनं विचारलं.

“आली.”

खूण करा, असं तो आज म्हणाला नाही. ‘हो’ दाबा, असंही नाही. माणिकरावांनी माऊसवरचा हात काढला. कोपऱ्यातलं स्टूल पायानं जवळ ओढलं आणि खुर्ची सोडून त्यावर बसले.

“सतीश,” ते म्हणाले. “जेवलास का रं?”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काय जेवलास?” माणिकरावांनी विचारलं.

पाटी तशीच वाट बघत राहिली.