रिकाम्या गोडाऊनातल्या फेऱ्या

सालेहाची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. गोळ्यांचं सोपं होतं, पण चालायचं कुठे? भिवंडीतल्या त्यांच्या गल्लीत पहाटेपासून कापडाचे टेम्पो लागायचे. त्यातून पन्नाशीच्या बाईने बूट घालून उगाच फिरायचं म्हणजे शेजारपाजाऱ्यांना आयता विषय. तिच्या नवऱ्याला, हसनला, ही अडचण नव्हती. तो फजरची नमाज झाली की मित्रांबरोबर नाक्यापर्यंत जायचा, दोन कप गोड चहा घ्यायचा आणि त्यालाच चालणं म्हणायचा.

भिवंडीबाहेर वळ गावात हसनचं एक गोडाऊन होतं. जुना भाडेकरू गेला होता, नवा ठरत नव्हता. सालेहाने त्याची चावी मागितली. लोक काय म्हणतील, असं हसन पुटपुटला. लोकांना सांगू नका, असं म्हणून ती नणंदेला, मदीहाला, घेऊन रिक्षात बसली.

आत गुळगुळीत लादी, वर उंच पत्रा. हसलं की चारी भिंतींतून हसू परत यायचं. हळूहळू मोहल्ल्यातल्या आणखी बायका येऊ लागल्या. बुरखे खुंटीवर टांगून त्या गप्पा मारत गोल गोल फिरायच्या.

दारातल्या खोलीत वॉचमन बुधा आणि त्याची बायको धाकली राहायचे. रिक्षाला पैसे देऊन चालायला येणाऱ्या बायका तिने कधी पाहिल्या नव्हत्या. ती दारात बसून मिश्री लावत मजा बघायची. मदीहा नर्स होती. एका शुक्रवारी तिने बीपीचं मशीन आणलं, तेव्हा धाकलीनेही गंमत म्हणून हात पुढे केला. आकडा बघून मदीहाने पुन्हा पट्टा बांधला. आकडा तसाच चढा.

"मशीन बिघडलं असंल," धाकली म्हणाली. "मी काटकीसारखी हाय. मला कुठून प्रेशर?"

मदीहाने तिला शेजारी बसवून समजावलं. तिच्या दवाखान्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, तंबाखू खाणारे लूमवाले यायचे, बहुतेकांना प्रेशर. शहरातल्या बायकांना साखर. आणि अलीकडे शेतांवर गोडाऊन उभी राहिलेल्या गावांतून बारीक अंगाची माणसंही येत होती. शेती सुटली, मीठ आणि मिश्री मात्र सुटली नाही. धाकलीला आजवर हे आजारपण वाटलंच नव्हतं. डोकं ठणकायचं तेव्हा ती फडकं बांधून कामाला लागायची, एवढंच.

दवाखान्यात जायला ती तयार होईना. सालेहा म्हणाली, "मी रोज गोळी घेते. अजून जिवंत आहे ना? उद्या माझ्याबरोबर चल."

सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी डोक्याचं फडकं गेलं. मिश्री सुटायला जास्त वेळ लागला, आणि त्या दिवसांत धाकली सगळ्यांवर खेकसायची. एव्हाना तीही फेऱ्या मारू लागली होती.

तेवढ्यात हसनला भाडेकरू मिळाला. त्याने चावी परत मागितली, पण सालेहाच्या डोळ्यांकडे बघणं टाळलं. शेवटच्या दिवशी बायका उदास होऊन बुरखे चढवू लागल्या.

"रडता कशाला?" धाकली म्हणाली. "मागं शेताकडं रस्ता हाय. आत कोंडून फिरायची मला कवाच हौस नव्हती."

मग सालेहा निघाली आणि बाकीच्या तिच्या मागे. पहिल्या दिवशी ट्रकवाल्यांनी वळून पाहिलं. आठवड्याभरात त्यांना सवय झाली आणि गावातल्या चार-पाच जणी येऊन मिळाल्या.

पुढच्या महिन्यात मदीहाने घरी सगळ्यांची साखर तपासली. सालेहाची उतरली होती. हसनने आजवर कधी तपासलीच नव्हती, त्याची सालेहाच्या जुन्या आकड्याएवढी निघाली असती तरी बरं, ती त्याहून वर होती. त्याने बोटावरचा कापूस दाबला. मग बायकोला हळूच विचारलं, तुमच्यात पुरुषांना घेतात का?

"या की," सालेहा म्हणाली. "पण मागे राहा. पुढे धाकली असते, तिला गाठणं तुम्हाला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हसन कडक इस्त्रीचा कुर्ता आणि नव्या चपला घालून आला. वाटेत दोनदा थांबला, पण चहा मागितला नाही.