कोनाड्याच्या मापाचं कॅबिनेट

लेकीचं होणारं सासर बघायला गेलेल्या आईनं काय काय मोजावं? जन्नतबीनं लातुरात पडद्यांचं माप घेतलं, पलंगाचं घेतलं, शेवटी पलंगाशेजारच्या कोनाड्याचं. टेप नव्हता. ओढणीची कड आत घातली, भिंतीला टेकवली, बाहेर निघाली तिथं गाठ मारली. उंचीला एक गाठ, रुंदीला एक.

विहीण म्हणाली होती, "एवढ्यात बसला तर आणू द्या पोरीचा कंप्युटर. टेबल टाकायला दोन खोल्यांत जागाच न्हाई."

लेक जेबा नांदेडात कंप्युटरवर लग्नपत्रिका करायची. उर्दूच्या वेली आणि मराठीच्या वेलांट्या एकाच पानावर नांदवायची. कामं फोनवरून यायची. लातुरातही आली असती. फक्त तिच्या कंप्युटरचं गुडघ्याएवढं कॅबिनेट तिथं मावणार नव्हतं.

नांदेडातच, वजिराबादच्या कंप्युटरच्या दुकानात दुकानदार यज्ञेशनं गाठींना पट्टी लावली. "चाची, एवढ्याशा डब्यात हिचा मदरबोर्ड बसत न्हाई. बोर्डबी छोटा घ्यावा लागंल. जरासं मोठं कॅबिनेट घेतलं तर?"

"बोटभरबी न्हाई. कोनाडा काय पोट हाय का रे, दाबून भरायला?"

जेबा खुदकन हसली. जुना बोर्ड दुकानातच राहिला. नवं, छोटं, काळं कॅबिनेट जहेजच्या भांड्यांसोबत लातूरला गेलं.

लग्नानंतरच्या पहिल्या जुम्म्याला जन्नतबी जेवायला आली. जावई सद्दामनं कॅबिनेट कोनाड्यात सरकवलं. उशीला अभ्रा बसावा तसं बसलं.

"माशाल्ला," विहीण म्हणाली.

सद्दामनं वायरी उचलल्या आणि थांबला. वायरी मागं लावायच्या होत्या. मागं भिंत होती.

उलटं फिरवलं. वायरी समोर आल्या, पण हवा घ्यायची जाळी भिंतीला चिकटली. स्क्रीन उजळला, जेबाची अर्धी राहिलेली पत्रिका उघडली, पंखा धापा टाकू लागला आणि सगळं विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं.

"पलंगाखाली ठेवू?" सद्दाम म्हणाला.

"पाण्याचे ड्रम कुठं नेतोस मग? डोक्यावर?" विहीणबाईंचा आवाज चढला नाही. "नळाचं काय खरं हाय का इथं?"

"भिंत जराशी खोदली तर?"

"किरायाची भिंत, बेटा."

जन्नतबी ओढणीची कड बोटांत चुरगाळत राहिली. "पडद्याला दोन बोटं जास्तीची सोडली मी. ह्याला न्हाई सोडली गं."

"सोडून काय केलं असतं, अम्मी? त्याहून छोटं कॅबिनेट दुकानात नव्हतंच," जेबा म्हणाली.

तेवढ्यात जेबाचा फोन वाजला. नांदेडचं जुनं गिऱ्हाईक होतं. धाकट्याचं लग्न ठरलं होतं. जेबानं मुबारकबाद दिली, नवरीचं नाव विचारलं, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, "आता माझ्याकडं न्हाई होत, चाचा. दुसरीकडं बघा."

बसस्टँडला न्यायला ऑटो आला. सद्दामनं कॅबिनेट चादरीत गुंडाळून जन्नतबीशेजारी ठेवलं. माहेराला ते चाललं. जेबा दारातच उभी राहिली.