तीन नंबरच्या कॅबिनमधला रिझल्ट

दुलीचंदकाकांच्या सायबर कॅफेत गुपित टिकत नाही. कोणत्या कॅबिनमध्ये कोण काय बघतंय, ते त्यांना काउंटरवरच्या स्क्रीनवर दिसतं. मागच्या वर्षी आईचा ओपन स्कूलच्या दहावीचा रिझल्ट त्यांनी असाच पाहिला आणि दारातून ओरडले, "सरिताभाभी गणित में लटक गई!" मग वर्षभर नळावर बाया विचारायच्या, "काहो मॅडम, पाढे झाले का पाठ?"

यंदा आई पुन्हा परीक्षेला बसली. सेंटर वारासिवनी गावाला. मोहल्ल्यात सांगितलं, मावशीकडे चालले. पण रिझल्टच्या आदल्या दिवशी तिचा धीरच सुटला. "मी नाही येत, रीना. पुन्हा तसंच झालं तर त्या नळावर पाय नाही ठेवणार मी."

"आई, मी आहे ना!"

मी म्हणजे अकरावी सायन्स, आणि गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह! नागपुरात इंजिनीअरिंग करणाऱ्या अंकितदादानं त्यात आख्खं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, भरून दिलं होतं. कॉम्प्युटर सुरू होतानाच तो लावायचा, की कॅफेचं विंडोज उघडतच नाही, सगळं पेन ड्राइव्हवरून चालतं. काउंटरवर काही दिसत नाही, आणि ड्राइव्ह काढला की मशीनमध्ये मागे काही राहत नाही. मी आधी दोनदा करून पाहिलं होतं. पहिल्यांदा फसलं. दुसऱ्यांदा जमलं, तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत नाचले होते.

तीन नंबरची कॅबिन. आई स्टुलावर, पदर तोंडाला. मी मशीन रिस्टार्ट करून एफ बारा दाबलं, पेन ड्राइव्ह निवडला.

"रीना! तीन नंबर बंद पडला का?" काउंटरवरून काका. "इथं काळंच दिसून राह्यलं!"

"चालू आहे काका! पैशांचा टाइम भिंतीवरच्या घड्याळावर धरा!"

"मंग मले काहून नाही दिसत?"

"स्क्रीन पुसा, धूळ बसली असन!"

आईनं मला चिमटा काढला. मी रोल नंबर टाकला. पान वरून खाली सरकत उघडायला लागलं, एकेक ओळ. हिंदी. विज्ञान. गणित सगळ्यात खाली.

एकावन्न. उत्तीर्ण.

"पास! रीना, मी पास झाली वं!"

आई इतक्या जोरात ओरडली की बाहेर झेरॉक्स काढणारेही वळून बघायला लागले. इतकं लपवून ठेवलं, आणि हिनंच बोंब मारली!

काकांनी पडदा सारला. "कौन पास हुआ? रीना, तुझा रिझल्ट तर कवाच लागला."

आई उठली. तोंडावरचा पदर काढून तिनं नीट खांद्यावर घेतला.

"मी. दहावी. गणितात एकावन्न."

काका धावत काउंटरवर जाऊन परत आले. "पण मले तर काहीच नाही दिसलं!"

"हौ," आई म्हणाली, "म्हणून तर मी सांगून राह्यली."

मी पेन ड्राइव्ह काढून गळ्यात घातला, अगदी मेडलसारखा. नळाला पाणी यायला अजून तासभर होता. तरी आई नळाच्या रस्त्यानंच घरी निघाली.