कडू बदामांची वाटी

“ह्यो कडू,” चन्नक्का म्हणाली आणि जिभेवरचा कपचा तिने अंगणात थुंकला.

ताहेराबीने तो बदाम टवका उडालेल्या चिनी वाटीत टाकला आणि पुढचा तिच्या हातावर ठेवला. चन्नक्काने अडकित्त्याने त्याचं टोक छाटलं, टोक जिभेवर ठेवलं, डोळे बारीक केले. “ह्यो गोड.” तो बदाम परातीत गेला.

ओट्यावर बसून दोघींचं हे केव्हापासून चाललं होतं. ताहेराबीचा रोजा होता, म्हणून जीभ शेजारणीची. चन्नक्का लिंगायताची. या घरचं पाणीही तिला चालत नसे. पण कोरडा बदाम म्हणजे वाण्याच्या दुकानातला माल, त्याला कुठलं घर नि कुठली जात. भिजला की मात्र तो ताहेराबीचा झाला. हा नियम चन्नक्काने स्वतःच केला होता आणि ती तो कडक पाळत असे. आज जिभेला दुसरी चव नको म्हणून तिने सकाळपासून पान खाल्लं नव्हतं, आणि हे उपकार ती दर थोड्या वेळाने ऐकवत होती.

“तुझा रोजा अन् माझा बी रोजाच,” ती म्हणाली. “पान न्हाय तर मला दिवस उगवल्यागत वाटत न्हाय बघ.”

“या बारीला कडू लई निघायलेत, चन्नक्का. लढाईमुळं माल धड येईना. दुकानवाला हनीफ म्हणला, हैदराबादेत बी असलाच मिळतोय. घ्यायचा तर घ्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या.”

“हनीफचं काय जातंय. खाणारा तो हाय का?”

खाणारे होते तालुकदारसाहेब, निजाम सरकारचे जिल्ह्यातले सगळ्यात वरचे अंमलदार. ते आज संध्याकाळी धाराशिवहून नळदुर्गला यायचे होते, डाकबंगल्यावर उतरायचे होते, आणि चहाबरोबर त्यांना गफारमियांचे टार्ट लागणार होते. तळहातावर मावेल एवढी खुसखुशीत पिठाची वाटी, आत बदाम, लोणी, साखर आणि अंड्याची मलई, वर पाकात शिजवलेल्या पेरूची फोड. गफारमिया हे तरुणपणी सोलापुरात एका इंग्रजाच्या स्वयंपाकघरात उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. त्या जोरावर त्यांना या बंगल्याची खानसामागिरी मिळाली, आणि बंगल्यामागच्या या दोन खोल्याही.

पण दोन वर्षांपूर्वी गफारमिया मुदतीच्या तापातून उठले ते चव आणि वास दोन्ही गमावून. मीठ आणि साखर त्यांना बोटांनी चाचपून ओळखावी लागे. तेव्हापासून बंगल्यावरचं रांधणं घरात, पडद्याआड, ताहेराबी करी, आणि गफारमिया पांढरा कोट घालून तबक घेऊन जात. तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती साचे घासत आली होती आणि घासता घासता बघत आली होती. गावात हे चन्नक्काशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. चन्नक्काला ठाऊक होतं, कारण लोणी तिच्या म्हशीचं.

ताहेराबी थकली होती. आजची नव्हे, दोन वर्षांची थकली होती. काम आपण करायचं, नाव दुसऱ्याचं चालवायचं, आणि चालवतोय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, याचा शीण चुलीच्या शिणाहून वाईट. रमजानात तरी तिला बरं वाटे. रोजा तेवढा तिचा होता. तो कोट घालून कुणी दुसरा घेऊन जाऊ शकत नव्हता.

आज सकाळी बंगल्याचा कारकून भीमाशंकर दारात येऊन उभा राहिला होता. माणूस वाईट नव्हता, पण वाईट निरोप सांगताना फार खाकरायचा.

“मियाँ, कसं सांगू तुम्हाला,” तो म्हणाला होता. “मागच्या बारीला साहेबांनी तुमचे टार्ट खाल्ले अन् म्हणले, गफारचा हात गेला. आज बी तसंच झालं तर सोलापूरचा माणूस आणायचा हुकूम हाय. मग ह्या खोल्या बी त्यालाच द्याव्या लागतील. म्या तर हुकमाचा ताबेदार.”

दाराआड उभ्या ताहेराबीने ते सगळं ऐकलं. गेला म्हणतात तो हात तर तिचा होता. गफारमिया आत आले आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले.

बदाम निवडून झाले तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. ताहेराबीने परातीतल्या गोड बदामांवर कढत पाणी ओतलं, तशी चन्नक्का दोन हात मागे सरकली. बाजेवरून गफारमिया उठून आले.

“आण इकडं. म्या वाटतो.”

दोन वर्षांत ते पाट्याजवळ बसले नव्हते. तिला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. वाटण्यात चव कुठं लागते, असं मनाशी म्हणत ती मागच्या परसात पेरू सोलायला आणि कोळसे पेटवायला गेली. रिकाम्या पोटी वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पेरूच्या फोडी पाकात मऊ होईतो ती धुरातच बसून राहिली.

आत आली तर मलई तयार होती. लोणी फेटून झालं होतं, अंडीही पडली होती. आणि पाट्याशेजारी ती चिनी वाटी निम्मी रिकामी झाली होती, कडेला बदामांची ओली सालं.

“वाटीतले बदाम कुठं गेले?”

“वाटले.”

“ते कडू होते.”

“ठाऊक हाय.”

“कसं ठाऊक हाय? तुम्हाला गूळ अन् माती एक लागतंय!”

दोन वर्षं दातांमागे धरून ठेवलेलं तोंडातून गेलं. ओट्यावर चन्नक्का उगाचच अडकित्ता पदराने पुसू लागली. गफारमियांनी मान खाली घातली, मलईवरून एकदा चमचा फिरवला.

“थोडे घालावे लागतात,” ते म्हणाले. “घालायचेच असतात.”

ताहेराबीला वाटलं, चूक झाकताहेत. हनीफच्या दुकानात आता बदाम नव्हते. उन्हं किल्ल्याच्या तटाला लागली होती. कडू टार्ट साहेबांच्या पुढे गेले की उद्या भीमाशंकर परत खाकरत दारात येणार, आणि मग बाज, पाटा, साचे डोक्यावर घेऊन जायचं कुठं? तिने मलईत बोट बुडवलं.

“जीभ लाव अन् थुंक,” चन्नक्का ओट्यावरून हळूच म्हणाली. “अडचणीला चालतंय म्हणून तूच म्हणली होतीस.”

ते खरं होतं. तिची आईही तसं सांगायची. पण ताहेराबीने आजवर कधी तसं केलं नव्हतं.

“तुम्हीच लावा की मग,” ती चिडून म्हणाली.

“अंडं हाय गं त्यात.” चन्नक्काचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. ताहेराबीला आपल्या बोलण्याची लाज वाटली.

घरात तीन जिभा, आणि एकही कामाची नाही. बोट ओठांशी आलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते तिच्या बोटाकडे बघत नव्हते. त्यांनी एक साचा घेतला होता, पिठाची लाटी आत ठेवली होती, आणि अंगठ्याने ती दाबत साचा फिरवत होते. काठ सगळीकडून सारखा वर आला. तिच्या हातून तो कधी असा आला नव्हता. अंगठा काही विसरला नव्हता.

ताहेराबीने बोट पदराला पुसलं.

“आच कशी ठेवू?” तिने विचारलं.

दोन वर्षांत तिने त्यांना रांधण्यातलं काही विचारलं नव्हतं. गफारमियांचा हात थांबला. मग त्यांनी पुढचा साचा ओढला.

“वर जास्ती, खाली थोडी. अन् घाईनं झाकण उघडू नको.”

वाळू घातलेल्या पितळी पातेल्यात साचे गेले, वर झाकण, झाकणावर लाल निखारे. दोघं चुलीजवळ बसली.

“वास सुटला का?” गफारमियांनी विचारलं.

“सुटला.”

“कसा हाय?”

ताहेराबीने सांगितलं नाही. वास ओळखीचा वाटत होता, लग्नानंतर पहिल्यांदा या दारात उभी राहिली तेव्हाच्या दिवसांतला. पण रोज्यातल्या डोक्याला संध्याकाळी काय काय ओळखीचं वाटतं. तिने फक्त झाकण उतरवलं.

चन्नक्का म्हैस पिळायला उठली. “साहेब काय म्हणतोय ते कळव,” ती म्हणाली. “तवर म्या पान खात न्हाय.”

गफारमिया कोट घालून तबक घेऊन गेले. अजान झाली. ताहेराबीने खजूर आणि पाण्याने रोजा सोडला, नमाज पढली, आणि दाराशी बसून राहिली. बंगल्याच्या व्हरांड्यात दिवा लागलेला दिसत होता, आवाज येत नव्हता. या खोल्यांत तिने चुन्याचे किती हात मारले होते, ते तिला आठवू लागलं. मग तिने ते आठवायचं सोडून दिलं.

गफारमिया परत आले ते रिकामं तबक घेऊन.

“काय झालं?”

“साहेबांनी एक खाल्ला. मग दुसरा मागितला. पाव्हण्याला म्हणले, गफारचा हात परत आला. भीमाशंकर बाहेर माझा हात धरून हसायलाच लागला.”

ताहेराबी भिंतीला टेकून खाली बसली. आनंद व्हायला हवा होता. थोड्या वेळाने ती उठून कुंपणापाशी गेली. “चन्नक्का, पान खावा आता.” पलीकडे लगेच अडकित्ता वाजला.

ती आत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“दोन वर्षं म्या कडू बदाम उकिरड्यावर फेकत व्हते. तुम्ही बघत व्हता.”

“व्हय.”

“का न्हाय सांगितलं?”

गफारमियांनी कोटाची बटणं काढायला घेतली.

“उस्ताद एक गोष्ट राखून ठेवतोच. माझ्या उस्तादानं मला निघायच्या दिवशी सांगितलं. म्या बी कधीतरी सांगणार व्हतो.” त्यांनी कोट खुंटीला लावला. “बाकी समदं तुझ्याकडं आलं व्हतं, ताहेरा. माझ्याकडं तेवढंच ऱ्हायलं व्हतं.”

तिला राग आला. खराच आला. तेवढ्यासाठी हे छप्पर गेलं असतं. पण तेवढंच राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोज्याचं तिचं असंच होतं.

गफारमियांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत एक टार्ट होता, कड थोडी मोडलेला.

“खा.”

इतक्या वर्षांत तिने बोटाला लागलेली मलई चाटली होती. अख्खा टार्ट कधी खाल्ला नव्हता. तो बंगल्याचा असे. तिने एक घास घेतला.

“सांग,” ते म्हणाले.

“लोणी लागतंय. मग पेरू. मग गोड.”

“अन् मग?”

ती थांबली. घास गिळला, पुन्हा जीभ फिरवली.

“मग मागं, लांब कुठंतरी, कडू. जरासंच. गोड गेल्यावर कळतंय.”

“गेल्यावरच कळायला पायजे,” गफारमिया म्हणाले. ते बाजेवर तिच्या जवळ सरकून बसले. “अजून एक घास घे. हळू घे.”

तिने घेतला. गफारमियांनी डोळे मिटले, आणि तिच्याबरोबर तेही रिकामं तोंड हळूहळू चावू लागले.