पडद्यामागचं खाकरणं

वैशाखातलं ऊन. शुभ्र, निर्दय, निःशब्द. न्यायालयाच्या दगडी पायऱ्यांवर ते सांडलं होतं, गुलमोहराच्या रक्तवर्ण पाकळ्यांवर सांडलं होतं, आणि उंच खिडकीच्या गजांतून उतरून नऊ वर्षांच्या कस्तुरीच्या पायांशी पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. तिची खुर्ची मोठी होती. पाय कसेबसे जमिनीला टेकत होते.

टेबलाखाली बुंदी होती. दालचिनीवर्ण, लंबकर्णी, मंदश्वासिनी बुंदी. साक्षीला येणाऱ्या लेकरांना धीर यावा म्हणून कोर्टातल्या समुपदेशक रजनीताई आपली ही कुत्री घेऊन येत. भुंकायचं नाही, उगाच चाटायचं नाही, शेपटीनेसुद्धा साक्ष द्यायची नाही, नुसतं जवळ असायचं. कस्तुरीच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून ती गाढ झोपली होती.

डावीकडे पडदा होता. हिरवा, जाड, निश्चल. त्यामागे थोरले काका होते. दिसत नव्हते, पण होते. त्यांच्या तंबाखूचा उग्र दर्प पडद्याला जुमानत नव्हता.

आई पाय घसरून विहिरीत पडली, असं सारं घर सांगत होतं. बाबाही तेच सांगत होते. कस्तुरीने पाहिलं होतं ते वेगळंच होतं, आणि तिच्याशिवाय ते कुणीच पाहिलं नव्हतं. आज ती गप्प राहिली तर काका सुटणार होते, आणि त्यांच्याच छपराखाली तिला मोठं व्हायचं होतं.

न्यायाधीशबाईंनी हळुवार विचारलं, "बाळ, त्या दुपारी विहिरीवर काय झालं?"

कस्तुरीने ओठ उघडले. पडद्यामागे कुणीतरी खाकरलं.

कोर्टात कुणाला काहीच कळलं नाही. वयस्कर माणूस, घसा धरला असेल. शिपायाने तत्परतेने पाण्याचा पेला नेऊन दिला.

पण त्या घराची रीतच होती. काका उंबऱ्याबाहेर खाकरायचे आणि घर मिटायचं. पदर डोक्यावर जायचे, हसणं ओठांत विरायचं, चुलीपुढची गाणी चुलीतच जळायची, बाबासुद्धा खाटेवरून उठून उभे राहायचे. कस्तुरीचे ओठ मिटले. ती उठायला गेली.

पाऊल उचलेना. त्यावर बुंदीचं डोकं होतं. उबदार, जड, निश्चिंत.

पुन्हा खाकरणं आलं, आता अधिक खोल, अधिक ओळखीचं. बुंदीचा एक कान किंचित हलला. तिने लांब उसासा सोडला आणि हनुवटी आणखी घट्ट रोवली. कस्तुरी बघतच राहिली. काका खाकरल्यावर न उठणारं तिने जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, भयंकर भीती, आणि तरीही त्या झोपेचा हेवा वाटला.

तिने वाकून त्या मऊ मानेवर हात ठेवला.

"आई घसरली नाही," ती म्हणाली. "थोरल्या काकांनी ढकललं. मी जांभळाखाली होते. ती मला हाक मारत होती."

खाकरणं तिसऱ्यांदा आलं. शेवटच्या बाकावर बाबा सवयीने उठून उभे राहिले, हात जोडून, मान खाली घालून, एकटेच. पावलाशी ऊन होतं, उन्हात गजांच्या सावल्या होत्या, सावल्यांवर बुंदी झोपली होती. आणि कस्तुरी बसूनच होती, बोलत होती.